लाल टिकलीची डिस्क

आमच्या दुकानात माणसं दोनदा यायची. एकदा घरात लग्न ठरलं की, आणि एकदा घरातलं कोणी गेलं की. पहिल्या वेळी ती आमच्या ह्यांच्याकडे यायची, कारण कॅमेरा ह्यांच्या हातात. दुसऱ्या वेळी माझ्याकडे, कारण कॉम्प्युटर माझ्या हातात. कारंजात बाजाराच्या रस्त्याला आमचा फोटो स्टुडिओ. बाहेर ते, आत मी, मधे एक पडदा. असा संसार झाला आमचा.

कॉम्प्युटर मला कोणी शिकवला म्हणाल, तर कोणीच नाही. दहावीपर्यंत शाळा, मग लग्न. दुकानात मशीन आली तेव्हा हे म्हणाले, मला बाहेर उन्हातान्हात फिरावं लागते, हे आतलं तू सांभाळ. मग बटणं दाबत गेले, चुकत गेले. काय दाबल्यावर काय बिघडलं ते एका वहीत लिहून ठेवायची. ती वही अजून आहे. तिची पहिली काही पानं वाचली की माझं मलाच हसू येते.

आता तेरवीच्या फोटोचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माणूस गेलं की तेराव्या दिवशी, तेरवीला, त्याचा फोटो लागतो. चौकटीतला, हार घालायला. पण खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो काढतो कोण? तो असतो कोणाच्या तरी लग्नात, पंगतीत बसलेला, नाहीतर आहेर देणाऱ्याच्या मागं अर्धा दिसणारा. तिथून मी त्याला उचलून आणायची. शेजारच्याचा खांदा पुसायचा, हातातलं ताट काढायचं, मागं निळा पडदा लावायचा. एका आजोबांच्या तोंडातला लाडू काही केल्या निघेना, एक गाल फुगलेलाच. मी घाबरत घाबरत दाखवला. त्यांची सून म्हणाली, "राहू द्या न काकू, बुढ्याले लाडू आवडेच."

म्हणून आमच्याकडे जुनं लग्न म्हणजे नुसतं जुनं लग्न नव्हतं. आसपासच्या गावांतले कितीतरी चेहरे आमच्याशिवाय कुठंच नव्हते. ते सांभाळायला ह्यांनी अकोल्याहून एक डबा आणला. बुटाच्या खोक्याएवढा, त्यात शेजारी शेजारी दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं, तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जाते. एक मेली तरी दुसरी जिवंत. आरशासारखं काम.

पण आरशाची एक खोड आहे. मी टिकली लावली तर आरशातली बाई टिकली लावते, मी काढली तर तीही काढते. तसंच इथं. एकीवरचं पुसलं की दुसरीवरचंही पुसलं गेलं. दोन ठिकाणी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आणि दुसरी खोड याहून वाईट. मधेच लाइट गेली आणि दोघींची ताटातूट झाली, तर डबा परत सुरू झाल्यावर इंग्रजीत विचारतो, जोडी तुटली आहे, पुन्हा जुळवू का? तुम्ही 'हो' म्हटलं की तो एकीवरचं सगळं दुसरीवर उतरवतो. कोणतीवरचं कोणतीवर, हे नीट पाहिलं नाही, तर शिळं ताज्यावर जाऊन बसते. मग कोणी जाणकार आला तरी ते परत मिळत नाही.

हे मला कसं समजलं? चूक करूनच. डबा नवीन होता, पहिल्यांदाच लाइटीनं घात केला, पडद्यावर प्रश्न आला आणि मी पटकन 'हो' दाबलं. 'हो' म्हणायची सवय बायकांना लवकर लागते. जोडी तीन महिन्यांआधीच तुटलेली, मला पत्ताच नव्हता; तेवढं सगळं काम गेलं. घरोघर जाऊन माफी मागितली. जऊळक्याच्या एका शेतकऱ्यानं पोळ्याला त्याच्या बैलाचा फोटो काढून घेतला होता, शिंगं रंगवून, झूल घालून. तो बैल पुढं महिनाभरात गेला होता आणि तो माणूस मोठा फोटो करायला आला होता. मी त्याला सांगितलं, फोटो नाही राहिला भाऊ, माझ्या हातानं पुसला गेला. आणि सांगता सांगता मलाच रडू आलं.  तर तो म्हणाला, "तुमी काहून रडून राह्यल्या बाई? बैल तं माहा होता." आणि मलाच चहा पाजून गेला. त्या दिवशी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: दोन्ही पाहिल्याशिवाय कोणतीवर काही लिहायचं नाही. आधी पाहायचं, मग तिसरीवर उतरवून ठेवायचं, मग 'हो'.

आता आमच्या ह्यांच्या कामाची रीत सांगते. हे कॅमेरा सुरू केला की पहिल्यांदा तोंडानं बोलायचे. गावाचं नाव, कार्यक्रम, वेळ. "रिठद. हळद. सकाळ." म्हणजे मला आत बसून कळावं की हे कुठलं. कधी पुढं मलाच निरोप असायचा. चंदा, इथं बँड जास्त वाजला, आवाज काढ. चंदा, नवरदेवाचा मामा तीनदा आला, एकदाच ठेव. मी ते ऐकायची आणि पहिलं काम काय करायची, तर त्यांचा आवाज कापायची. लग्नाच्या फिल्ममधे शूटिंगवाल्याचा आवाज कोणाला पाहिजे? तिथं सनई टाकायची. इतकी वर्षं रोज मी त्या माणसाचा आवाज कापला.

आणखी एक गोष्ट मी कापायची. ज्या बाईचा नवरा गेलेला असतो, तिनं हळदीच्या वेळी पुढं यायचं नाही, असं आमच्याकडे चालत आलं आहे. स्वतःच्या पोराची हळद असली तरी. ती मागं बसते, सैपाकघराच्या दारात, हातात काहीतरी काम घेऊन. हे काय करायचे, मधेच कॅमेरा तिकडं वळवायचे. घरचे मला येऊन सांगायचे, मागच्या बायका नका घेऊ, पाव्हणे नावं ठेवतात. मी कापून टाकायची. त्यावरून आमच्यात बोलणं व्हायचं. हे म्हणायचे, तिचाही मंडप आहे तो. मी म्हणायची, गिऱ्हाइकाचं ऐकावं लागते, तुम्हाला काय, तुम्ही फक्त कॅमेरा वळवता. एकदा तर मी म्हटलं, तुमच्यापायी माझं दुप्पट काम वाढते. आता वाटते, वाढलं असतं तर काय बिघडलं असतं.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. दुकानाच्या पायरीवर बसले, पाणी दे म्हणून हात केला, आणि तेवढंच. मग मी शूटिंग बंद केलं. तेरवीचे फोटो तेवढे सुरू ठेवले. ह्यांच्या तेरवीचा फोटोही मीच केला, आणि तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचे स्वतःचे फोटो चारच. आवाज तर कुठंच नाही. लग्नांच्या सगळ्या फिल्मा ऐकून पाहिल्या. सगळीकडे माझी सनई. न कापलेलं शूटिंग असतं तर त्यात सापडला असता, पण फिल्म गिऱ्हाइकाला दिली की सहा-आठ महिन्यांनी कच्चं शूटिंग पुसून टाकायचं, अशी आमची रीत. नाहीतर जागा पुरत नाही. ह्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातलं कच्चं शूटिंगही मी तसंच पुसलं होतं, ते गेल्यावर, काम म्हणून, डोकं ठिकाणावर नसताना.

यंदाच्या वैशाखातली गोष्ट. रिठदची सुनंदा दुकानात आली. तिची आई, गिरजाबाई, आठवड्यापूर्वी गेली होती. तेरवीला पाच दिवस राहिले होते. सुनंदाच्या धाकट्या भावाचं लग्न आम्हीच केलं होतं, म्हणजे शूटिंग, ह्यांच्या त्या शेवटच्या उन्हाळ्यात. सुनंदानं मोबाइल पुढं केला. आजारातले फोटो होते. गाल आत गेलेले, नाकात नळी. म्हणाली, "हे काय भिंतीवर लावायचे हाय का काकू? अन् आधारवरचा पाह्यला तं मले मायच वळखू येत नाई. आधी मोबाइल धरला का तोंडावर पदर घे. लग्नात असन न एखादा. पोराचं लग्न होतं तिच्या." मी म्हटलं, असेल, पाहू. खरं म्हणजे मला तेव्हाच शंका आली होती. गिरजाबाईचा नवरा त्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेला.

मशीन सुरू केली, फिल्म शोधत होते, तोच वारं सुटलं. भर दुपारी धूळ उठली, रस्त्यावरच्या पाट्या खडखडायला लागल्या आणि लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी, तिनं दोन मिनिटंही दम धरला नाही. मग लाइट आली, गेली, परत आली. गेलेल्या लाइटीचं एवढं भ्या नसते, ह्या ये-जा करणाऱ्या लाइटीचं असते. परत सगळं सुरू झालं तेव्हा पडद्यावर तो प्रश्न. जोडी तुटली आहे, जुळवू का?

डब्यावर मी एक खोळ शिवून घातली होती, जुन्या साडीची, काठ पुढं येईल अशी. टीव्हीला घालतो, मिक्सरला घालतो, तशी यालाही. धूळ लय असते आमच्याकडे. ती काढली, तर डाव्या डिस्कचा दिवा लाल. आणि दिव्यासमोरच्या कापडावर एक बारीक फिक्कट ठिपका, उजेडानं रंग उडालेला; उजवीच्या दिव्यासमोर तसा नाही.  हा दिवा आज लागलेला नव्हता. खोळीच्या आत तो कधीपासून लागून होता.

मग आठवलं. ह्यांच्या त्याच शेवटच्या उन्हाळ्यात, पाऊस तोंडावर आला असताना अशीच लाइट गेली होती आणि कुठंतरी पीं पीं वाजायला लागलं होतं. आम्हाला वाटलं इन्व्हर्टर. तो नेहमीच वाजायचा. ह्यांनी बॅटरीत पाणी टाकलं, थोड्या वेळानं वाजणं थांबलं, आम्ही चहा घेतला. वाजत होता तो डबा. त्या दिवशीच डावी डिस्क जोडीतून बाहेर पडून पार झोपली होती, म्हणून पडद्यावर प्रश्नही आला नव्हता. तेव्हापासून सगळं उजवी एकटी लिहून राहिली होती, आणि मी आपली निर्धास्त, की दोघी आहेत. आता लाइटीच्या धक्क्यानं डावी परत जागी झाली होती आणि पहिल्या खणात बसलेली म्हणून डबा तिलाच खरी समजत होता. मी 'हो' म्हटलं असतं, तर दोन वर्षांपूर्वीचं सगळं आजच्यावर उतरलं असतं.

मी मशीन बंद केली. सुनंदाला म्हटलं, आज काही हात लावायचा नाही. ती म्हणाली, "फोटो गेला का काकू?" मी म्हटलं, "काहीच गेलं नाही, मी काही केलं तरच जाईल." ती उठली. तिच्या गाडीची वेळ झाली होती.

दोन्ही डिस्क बाहेर काढल्या. दिसायला सारख्या, जुळ्या बहिणी. खूण करायला ड्रॉवर उघडला, तर टिकल्यांचं पाकीट हाती लागलं. दोन वर्षं तिथंच पडून होतं, फेकलं गेलं नव्हतं माझ्यानं. डावीला लाल टिकली लावली, उजवीला हिरवी. अकोल्याच्या दुकानदाराला फोन केला, त्यानं सकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हाती नवी डिस्क दिली. मग हिरव्या टिकलीवाली मशीनला अशी जोडली की तिच्यावरचं फक्त वाचता यावं, लिहिता येऊ नये. तसं करता येते. आणि तिचं सगळंच्या सगळं नव्या डिस्कवर उतरवलं. पूर्ण दिवस गेला. यात हुशारी काही नाही बरं का. नुसतं बसायचं असते. घाई करणाऱ्याचं काम नाही हे. नव्या डिस्कवरचं उघडून पाहिलं. आजपर्यंतची सगळी लग्नं, सगळे चेहरे जागेवर.

सगळे म्हणजे, गिरजाबाई सोडून.

रिठदची फिल्म तीनदा पाहिली. हळद, पाच सवाशणी, हसणं, सनई. दार दिसते, दाराच्या आतली बाई नाही. इतक्या सफाईनं मीच कापलेली की जोडही दिसत नव्हता. तेव्हा मला त्या सफाईचा मोठा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सुनंदा आली. मी सांगितलं, बाई, तुझी आई फिल्ममधे नाही. कच्चं शूटिंग होतं त्यात असेल, पण ते मी पुसलं. वाटलं, आता ही बोलेल.  तर म्हणाली, "मीच म्हनलं होतं न काकू तुमाले. माय मधी मधी आली तं काढून टाका. पाव्हणे काय म्हनतीन." मला ते आठवत नव्हतं. किती जणी यायच्या तसं सांगायला. तिच्या मात्र अक्षर न् अक्षर ध्यानात होतं. पुढं म्हणाली, "तिले समजलं असन का वं?"

 मी टेबल आवरायला घेतलं. उजवी खरी ठरली होती, तिची प्रत झाली होती. आता नियमानं काय उरलं, तर डावी कोरी करायची आणि परत जोडीला लावायची. शिळी डिस्क, तिला कोण विचारते? ती हातात घेतली. टिकलीवर बोट पडलं, आणि वहीतली ओळ आठवली. दोन्ही पाहिल्याशिवाय नाही. मी एकच पाहिली होती.

आणि मग, बसल्या जागी, डोक्यात उजेड पडला. डावी त्या उन्हाळ्यातच थांबली होती. त्यानंतर मी जे पुसलं ते उजवीवर पुसलं. डावीला ते ठाऊकच नव्हतं. आरशातल्या बाईनं टिकली काढलीच नव्हती.

जोडली, फक्त वाचायला. कट्‌ कट्‌ वाजली, थांबली, परत वाजली. सुनंदा माझ्या खुर्चीला धरून उभी. यादी आली. सगळ्यात खाली, ह्यांच्या पद्धतीनं नाव दिलेलं: रिठद हळद. मी ते चालवलं.

"रिठद. हळद. सकाळ."

आमचे हे बोलले. दोन वर्षांनी. जरा खोकला, मग मंडपातला गलका, पिवळे हात, मग कॅमेरा वळला. सैपाकघराच्या दारात गिरजाबाई, मांडीवर सूप, तांदूळ निवडून राहिली. नजर मात्र मंडपात, पोराकडे. आणि चेहऱ्यावर असं हसू, की त्याला मी काय नाव देऊ. तिचं कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं आणि पदर वर जायला लागला.

"मले कायले घेता बापा? पोराले घ्या."

"पोरगा तुमचाच आहे नं, काकू?"

पदर अर्ध्यावरच थांबला. ती सरळ कॅमेऱ्यात पाहत राहिली. सात सेकंद. आणि मग हे हळू आवाजात, मला, पडद्यामागच्या मला: "चंदा, हे कापू नको."

हे मी तेव्हाही ऐकलं असणार. ऐकून कापलं होतं.

सुनंदा स्क्रीनला हात लावून म्हणत होती, माय, माय. मी उठून मागं पाणी आणायला गेले. दोघींनाही पाहिजे होतं, पण आणला एकच ग्लास, आणि तोही हातातच राहिला.

फोटो झाला. निळा पडदा लावला नाही, मागचं दार राहू दिलं, सुपातले तांदूळही. मंडपाचा पिवळा उजेड एका गालावर आहे. तेरवीला रिठदला मीही गेले. गावातल्या बायका येऊन फोटोसमोर थांबत होत्या आणि म्हणत होत्या, अगदी अशीच होती. एकीनं विचारलं, हा कधीचा? सुनंदा म्हणाली, भावाच्या हळदीचा. मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

डब्यात आता दोन नव्या डिस्क आहेत. खोळ नाही, धूळ बसली तर पुसते. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी दोन हिरवे दिवे पाहते, मग उदबत्ती लावते. लाल टिकलीची डिस्क ड्रॉवरमधे आहे. तिच्यावरच्याची प्रत केली, दोन केल्या, आणि ती मात्र आहे तशीच ठेवली. त्या उन्हाळ्यातली सगळी लग्नं आहेत तीत, न कापलेली. एकदम ऐकत नाही. एका दिवशी एक गाव. कारंजा. जऊळका. कधी नुसतं "बारसं, दुपार." चार शब्द, तेवढ्यानंही दिवस निघतो. कुठं कुठं माझं नाव येते.

सुनंदानं नंतर लग्नाची फिल्म परत करून मागितली, ती सात सेकंद जागेवर घालून. मी घातली. सनई तेवढ्यापुरती, आणि जरा पुढपर्यंत, काढली.

आठवड्यानं तिच्या भावाचा फोन आला. फिल्म सगळ्यांनी मिळून पाहिली, माय पाहून सगळे रडले, लय चांगलं केलं म्हणाला. मग म्हणाला,

"काकू, तिथं मधात काका बोलून राह्यले. चंदा म्हनून. ते तुमच्याकडून चुकून राह्यलं वाटते. काढा लागन का?"

मी म्हटलं, "राहू दे, बाबा."